टाकीमागची कोंबडी

सुरतेतल्या पांडेसऱ्यात आमच्या गल्लीत मला कोंबडीवाले आप्पा म्हणतात. सारी उमर रंगखात्यात काढली, जेट मशीनसमोर उभं राहून पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, पण रंगवाले आप्पा कोणी म्हटलं नाही. मिलमधली नोकरी सुटल्यावर मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या आणि हे नाव पडलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी रंगवलेलं कापड कोणाच्या अंगावर गेलं ते मला कधी कळलं नाही. अंडं कोणाच्या ताटात गेलं ते तरी कळतं.

मी तिसरीपर्यंत शिकलो. गाव धुळ्याकडचं. शाळा होती, मास्तर होते, माझंच मन तिथं नव्हतं. म्हणून हे लिहिणं बोलल्यासारखं होणार. ज्याला चालेल त्याने वाचावं.

गल्लीच्या तोंडाशी चहाची लारी, म्हणजे हातगाडी आहे. तिथं सकाळी माझ्यासारखे रिकामे लोक जमतात. कोणाची मिल बंद पडलेली, कोणाचा पोरगा कारखान्यातून काढलेला, कोणाचा जावई वेगळा निघालेला. सगळ्यांचं रडगाणं ऐकून झालं की मी म्हणायचो, "कोंबडीकडे बघा जरा."

"झालं यांचं सुरू," असं लारीवाला म्हणायचा, पण ऐकायचे सगळे. मला सांगायला आवडायचं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं होतंही.

नवीन कोंबडी आणली की जुन्या तिला जवळ येऊ देत नाहीत. डोक्यावर टोची मारतात, दाण्यापासून हाकलतात. ती कडेला उभी राहते. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं टिपते. पण अंगण सोडून जात नाही. एक दिवस बघावं तर ती मधोमध उभी असते आणि तिला कोणी टोचत नाही. मी सुरतेत आलो तेव्हा असाच होतो. एका खोलीत आम्ही गावाकडचे पुष्कळ जण. दिवसपाळीवाले उठले की त्यांच्या गोधडीत रातपाळीवाले झोपायचे. नवीन माणसाला जागा मोरीजवळ. अंगावर पाणी उडायचं. मी गेलो नाही. पुढं त्याच खोलीत खिडकीखालची जागा माझी झाली आणि मोरीजवळ कोणी झोपायचं ते मी ठरवू लागलो.

एका कोंबडीच्या पायावरून गल्लीत स्कूटर गेली होती. मोडलेला पाय मी बांबूच्या कामट्या लावून, मिलमधल्या कापडाच्या काठाने आवळून बांधला. सगळे म्हणाले, कापून टाका. मी नाही ऐकलं. ती लंगडत चालायला लागली आणि लंगडत असतानाच एक दिवस खुराड्यात अंडं दिसलं. ते अंडं मी लारीवर नेऊन सगळ्यांना दाखवलं होतं. अंडं काय, साधंच होतं. पण माझी छाती अशी फुगली होती की जणू मीच दिलंय.

हल्ली लारीवर मी कोंबडीचं नाव काढत नाही. कोणी काढलं तर चहा संपवून उठतो. का उठतो, ते सांगायला बसलोय.

माझी सून सुरतेतच जन्मलेली. तिचा बाप नंदुरबारकडचा, इथंच कतारगामला लूमवर कामाला. घरात बोलणं आमच्यासारखंच, पण शाळा गुजराती झालेली. म्हणून रागावली की गुजराती, हिशेब करायला लागली की गुजराती. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच मला म्हणाली, "आप्पा, या कोंबड्या दारात घाण करतात."

"तुझ्या आधीपासून आहेत त्या," मी म्हटलं.

बायकोने आतून डोळे वटारले. नव्या पोरीशी असं बोलतात का म्हणून. सून मात्र हसली. दुसऱ्या दिवशीपासून तीच खराट्याने अंगण झाडायला लागली आणि महिन्याभरात कोंबड्या तिच्या मागे फिरायला लागल्या. ती साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणायची. मागच्या दारात मांडी घालून बसायची, मांडीवर साडी, शेजारी खड्यांची वाटी. मधेच "आव, आव" म्हणून भाकरीचा चुरा टाकायची. मी "ती ती ती" करून घसा कोरडा केला तरी मान वर न करणाऱ्या कोंबड्या तिच्या एका हाकेला धावायच्या.

"माझ्या कोंबड्या गुजराती झाल्या," मी बायकोला म्हटलं.

"बरं व्हयनं," ती म्हणाली. "तुमनं तं घरमा कोनी आयकस नही, त्या तरी काब्र आयकतीन?"

बायको अजून घरात अहिराणीच बोलते. माझी सुरतेत राहून निम्मी पुसली गेली.

त्यातली एक तांबडी कोंबडी सुनेची जास्त लाडकी. तांबडी, शेपटीला काळी. ती सरळ स्वयंपाकघरात यायची. सून भाकरी थापत असली की पायाशी उभी. बायको हाकलायची, सून चुरा टाकायची. त्यावरून दोघींची लुटुपुटूची भांडणं व्हायची. घरात आवाज होता तेव्हा.

लग्नाला दुसरं वर्ष लागलं आणि सुनेला दिवस गेले. त्याच सुमाराला ती तांबडी खुडूक, म्हणजे उबवायला, बसली. पिसं फुगवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसायची, जवळ गेलं की गुरगुरायची. एरवी खुडूक कोंबडीला मी पाण्यात बुचकळून काढतो, दोन दिवसांत उठते. पण सून म्हणाली, "राहू द्या ना आप्पा, बसवा तिला अंड्यांवर." मग मी टोपलीत भुसा घातला, वर जुनी साडी फाडून अंथरली आणि अंडी मांडून तिला बसवलं.

"एकच घरमा दोन्हीजनी," बायको म्हणाली. "आते दोन्हीस्ना नखरा देखा."

सून रोज तिला पाणी नेऊन द्यायची. एकदा तिने मोबाईलचा उजेड अंड्याला लावला आणि ओरडली, "आप्पा, आत हलतंय!"

"उजेड नको लावू. डोळे दिपतील त्याचे."

"आप्पा, डोळे अजून आलेत तरी का त्याला?" असं म्हणून ती एवढी हसली की अंडं हातातून पडेल म्हणून मीच काढून घेतलं. ते हसणं मला आठवतं. त्यानंतर तसं ऐकलं नाही.

पिल्लं निघाली. अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याची सिमेंटची टाकी आहे, तिच्यामागची जमीन कायम ओली असते. तिथं किडे, गांडुळं सापडतात. तांबडी पिल्लं घेऊन दिवसभर टाकीमागेच. संध्याकाळी मी पिल्लांवर डालगं झाकायचो, म्हणजे बांबूची मोठी टोपली पालथी घालायचो, वर विटा ठेवायचो. हे काम माझं. कधी चुकलं नाही.

एका संध्याकाळी सुनेच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं काही नाही, मग बायकोने तिचा चेहरा बघितला आणि म्हणाली, रिक्षा आणा. पोरगा शहराबाहेर, सचिन नावाच्या गावातल्या कारखान्यात कामावर होता. त्याला फोन केला, तो परस्पर दवाखान्यात आला. आम्ही सगळे तिथंच बाकावर. घर उघडं टाकून गेलो होतो, शेजारणीने कुलूप लावलं. डालग्याची आठवण मला झाली नाही आणि दुसऱ्या कोणाला व्हायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे कपडे न्यायला मी घरी आलो. तांबडी टाकीवर उभी होती. खाली पिसं. बोक्याने एकही पिल्लू ठेवलं नव्हतं. मी अंगण झाडून काढलं, कपडे घेतले आणि परत गेलो. तिथं पोरगा बाहेर जिन्यात बसला होता. मला बघून त्याने नुसती मान हलवली. बाळ गेलं होतं.

सून घरी आली तेव्हा तिने खाट मागच्या दाराशी टाकायला लावली. उजेड येतो म्हणाली. दिवसभर बाहेर तोंड करून पडून राहायची. खड्यांचं काम कोणीतरी परत घेऊन गेलं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "पिल्लं?"

"बोका," मी म्हटलं.

तिने मान हलवली. अगदी पोराने जिन्यात हलवली तशीच.

मला घरात कोणी आडवं पडलेलं बघवत नाही. माझ्या बापालाही बघवायचं नाही. त्यात मला वाटायचं, या पोरीला मी काहीतरी द्यायला पाहिजे. पोरगा तिच्या उशाशी बसून नुसता मोबाईल बघायचा, बायको डोक्याला तेल लावून द्यायची. माझ्याकडे द्यायला काय होतं? लारीवर देत होतो तेच होतं.

एक दिवस दुपारी मी खाटेजवळ गेलो. बाहेर तांबडी टाकीकडून येत होती, मान खालीवर करत.

"बघ पोरी," मी म्हटलं, "हिचंही सगळं गेलं. बसली का ती रडत? दाणे टिपतेय. महिन्याभरात परत अंडी देईल. कोंबडीकडून शिकावं माणसाने."

सून बराच वेळ बाहेर बघत राहिली.

"ती शोधतेय, आप्पा."

"शोधत नाही, टिपतेय. मी लहानपणापासून बघतोय कोंबड्या."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मला वाटलं, ऐकलं तिने. स्वयंपाकघरात गेलो तर बायको पाठ करून उभी. "तुमले कोनी सांगेल व्हतं बोलाले?" मी म्हटलं, कोणीतरी बोलायला नको का? तिने तव्यावरची भाकरी अशी उलटली की विचारू नका.

आता पुढची गोष्ट. आमच्याकडे बाईचं अंग असं हललं, म्हणजे बाळंत झालेली असो की पोट पडलेलं असो, तिला गावरान कोंबडीचा रस्सा देतात. हळद, मिरी, लसूण घालून पातळ. लाल तिखट नाही. माझ्या आईला दिलेला मला आठवतो. भावंड गेलं होतं, आई उठत नव्हती, आजोबांनी कोंबडी कापली आणि आई उठली. कशाने उठली ते देवाला ठाऊक, पण मी रस्सा बघितला होता, मला रस्साच आठवतो. बाजारातली ब्रॉयलर त्याला चालत नाही. ती चाळीस दिवसांत पाण्याने फुगवलेली. पोरगा म्हणाला, "आप्पा, मी आणतो ना बाजारातून." मी म्हटलं, अंगणात असताना बाजारातून कशाला?

अंगणात चार होत्या. दोन रोज अंडी देत होत्या. एक ती लंगडी, म्हातारी, तिच्यात काही उरलं नव्हतं. राहिली तांबडी. अंडी देत नव्हती, खातही कमी होती, दिवसेंदिवस हलकी होत होती. थांबलो असतो तर मांसही राहिलं नसतं. मी असा विचार केला. जो कोणी कोंबड्या पाळतो तो असाच विचार करेल.

"तिले नका कापू," बायको म्हणाली.

"मग काय अंडी देणारी कापू?"

"मना जीव नही म्हणस."

"तुझा जीव कधी हो म्हणतो?"

रविवारी सकाळी, सून आंघोळीला गेली होती तेव्हा, मी बाहेरच्या नळावर नेऊन कापली. हात माझा चांगला आहे, तिला त्रास झाला नाही. बायकोने रस्सा केला. वास गल्लीभर गेला. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "काय आप्पा, पाहुणे आलेत का?" मी म्हटलं, "आमच्या पोरीसाठी आहे."

वाटी मी स्वतः घेऊन गेलो. या घरात मी कोणाला पाण्याचा तांब्याही कधी नेऊन दिलेला नाही, ते सुनेला माहीत होतं. मी वाटी घेऊन येतोय हे बघून ती उठून बसली. केस मागे सारले. दोन्ही हातांनी वाटी धरली. दोन घोट घेतले आणि म्हणाली, "छान झालाय, आप्पा."

त्या घडीला मला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही. रंगखात्यात पहिल्यांदा एकट्याने लावलेला रंग नमुन्याशी जुळला होता, तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

मग तिने सवयीने बाहेर बघितलं. बघत राहिली. दारापासून टाकीपर्यंत, टाकीपासून खुराड्यापर्यंत.

"तांबडी कुठंय?"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मला खोटं बोलता येत नाही, किंवा म्हणा, मला त्यात कमीपणा वाटतो.

"अंडी देत नव्हती ती," मी म्हटलं.

तिने वाटी खाटेखाली ठेवली. सांडली नाही. हळूच ठेवली, अगदी नीट. मग पडली आणि पदर तोंडावर घेतला.

दोन दिवसांनी तिचा भाऊ न्यायला आला. तिनेच फोन केला होता. मी ओट्यावर होतो, आतलं ऐकू येत होतं. भाऊ विचारत होता, "ताई, पण झालं काय? भांडण झालं का?" ती म्हणाली, "नाही रे. भांडण कोण करणार?" मग थांबून म्हणाली, "आप्पा म्हणाले होते, बघ कशी उठली ती. लवकर उठली नाही म्हणून कापली. मला तरी किती दिवस देतील?" हे ती रागाने बोलली नाही. थोडी हसलीसुद्धा. जाताना माझ्या पाया पडली.

मी सुरुवातीला खूप बोललो. घरातल्या भिंतींना ऐकवलं. रस्सा देणं चूक आहे का? आमच्यात देतात की नाही? कोंबडी काय माणूस आहे? आजही सांगतो, रस्सा द्यायलाच हवा होता, त्यात मी चुकलो नाही. पोरगा रविवारी कतारगामला जायचा आणि एकटा परत यायचा. विचारलं की म्हणायचा, "बघू." बायकोने मला वाढताना "अजून देऊ का" विचारणं सोडलं. ताटात पडेल तेवढं.

मी मागच्या दारी नेहमी पायरीवर बसतो. तीच माझी जागा. सून गेल्यावर तिची खाट तशीच दाराशी होती. एक दिवस गुडघा फार दुखत होता, पायरीवर बसवेना, म्हणून खाटेवर पडलो. तेव्हा उरलेल्या तिघींतल्या काळ्या कोंबडीखाली पिल्लं निघालेली होती आणि त्यातलं एक सकाळीच घारीने नेलं होतं. बाकीची पिल्लं खुराड्यापाशी एकमेकांना चिकटून बसली होती. काळी टाकीमागे गेली. पायरीवरून टाकीमागचं दिसत नाही. इतक्या वर्षांत मला ते माहीतच नव्हतं. खाटेवरून दिसतं.

तिने जमीन उकरली. एक किडा चोचीत धरला. खाल्ला नाही. कुक् कुक् करत त्याला खाली ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. पिल्लांना बोलावतात ना, तसं. मान वाकडी करून थांबली. मग दुसरीकडे जाऊन तेच. किडा तसाच पडून. अर्धा तास तरी हे चाललं होतं. मग ती टाकीमागून बाहेर आली, मान खालीवर करत, आणि पायरीवरून बघणाऱ्याला वाटावं की दाणे टिपत येतेय.

एक पिल्लू गेलं तर हे. तांबडीचं सगळंच गेलं होतं आणि पोरगी तिथं पडून रोज हे बघत होती. मी तिला सांगत होतो, शिक.

कोंबडी उठत नाही असं नाही. उठते. काळीही पुढं उठली, तिने अंडीही दिली. मी लारीवर जे सांगत होतो ते खोटं नव्हतं. पण तांबडी उठली असती की नाही ते मी बघू दिलं नाही. तिला तिचे दिवस मिळाले असते तर सुनेने खाटेवरून तेही बघितलं असतं. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते बरं झालं असतं. हे मला रोज सुचतं आणि रोज उशिरा सुचतं.

बायकोला मी एवढंच म्हटलं, "खाटेवरून टाकीमागचं दिसतं."

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "जा मंग तिनाकडे."

आमच्यात सासरा सुनेला आणायला जात नाही. नवरा जातो, दीर जातो. सासरा व्याह्याच्या दारात गेला म्हणजे नाक खाली झालं. माझा बाप गेला नसता. मी आठ दिवस तेच धरून बसलो. मग एका सकाळी धुतलेली टोपी घातली आणि निघालो.

कतारगामला तिच्या बापाच्या गल्लीत लूमचा आवाज एवढा की माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही. व्याही दारात मला बघून उभेच राहिले.

"अहो, फोन तरी करायचा! या, या. एकटेच?"

"एकटाच."

"कोंबडी नाही ना आणली?" ते म्हणाले. विहीणबाई आतून "अहो!" म्हणून ओरडल्या. व्याही हसले, मग त्यांनाच कसंतरी झालं, खुर्ची पुसायला लागले. मी खुर्चीवर बसलो. घरी कोणी असं बोललं असतं तर मी उठून गेलो असतो.

सून पाणी घेऊन आली. तब्येत भरली होती जरा. कोपऱ्यात साड्या दिसल्या, खड्यांचं काम तिने परत धरलं होतं. पेला देऊन ती तिथंच उभी राहिली.

मी घरून शब्द ठरवून आलो होतो. चल घरी, झालं गेलं विसर, असं काहीतरी. तोंडातून निघालं, "पोरी, मी तुझ्या खाटेवर बसलो होतो. तिथून टाकीमागचं दिसतं."

"हो," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं."

ती रिकामा पेला घेऊन आत गेली. चल घरी हे शब्द राहिले ते राहिलेच. ते म्हणजे परत ऊठ म्हणण्यासारखंच झालं असतं. व्याह्यांनी लूमच्या, मंदीच्या गोष्टी केल्या. चहा झाला. मी निघालो.

बसस्टॉपवर उभा राहिलो. सुरतेत एवढी वर्षं काढली, पण गुजराती पाट्या मला वाचता येत नाहीत. बसचा रंग बघून, ड्रायव्हरचं तोंड बघून चढतो. चुकलो तर उतरतो. कोणाला विचारत नाही. एक बस आली, मी हात केला. मागून आवाज आला.

"आप्पा, ती नका धरू. ती स्टेशनपर्यंतच जाते."

सून होती. हातात माझी टोपी. मी खुर्चीवर विसरलो होतो. मला पाट्या वाचता येत नाहीत हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मी टोपी घेतली. ती परत गेली नाही, उभी राहिली. दोन बसेस गेल्या. आम्ही दोघं रस्त्याकडे बघत होतो. तिसरी आली तेव्हा ती म्हणाली, "ही." आणि मी पाय उचलल्यावर, "हळू चढा."

ही गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी त्यानंतर अधूनमधून जातो. चहा पितो, व्याह्यांच्या दोन थट्टा ऐकतो. कधी येतेस हे विचारत नाही. ती माझ्याशी बोलते आता, थोडं. गुडघ्याचं विचारते, सासूचं विचारते. कोंबड्यांचं विचारत नाही.

परवा पोरगा सांगत होता, सचिनला कारखान्याजवळ खोली बघितलीय. दोघं तिकडे राहणार, ती तयार झालीय. बायको ऐकून भांडी काढायला बसली, हे दे, ते दे. मी विचारलं, "इथं का नाही?" तो म्हणाला, दुसऱ्या मजल्यावर आहे खोली, मागे अंगण नाही, तिनेच तशी बघायला सांगितली.

मी म्हटलं, "बरं केलंत. हवा येते ना?"

"येते," तो म्हणाला.